खिडकीतून आलेली चाल

१७ जानेवारी, शनिवार

गिटारच्या तारा बदलल्या. महूला ज्या रेल्वेवाल्या साहेबांनी मला पहिले तीन कॉर्ड शिकवले ते म्हणायचे, नव्या तारा दोन दिवस माहेरची आठवण काढतात, सारख्या उतरतात. त्यांना रागवायचं नाही, पुन्हा चढवायच्या. दुपारभर तेच केलं.

उद्या सिमरोल. रेवाची, आमच्या मंदारच्या मुलीची, सगाई. मी साखरपुडा म्हटलं की हसते. "नाना, शक्कर की पुड़िया?" हिला मी मांडीवर घेऊन पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणून झोपवायचो, आणि आता ही... असो. दीपकचं घर शेतकऱ्याचं, स्वतः तो तिथल्या कॅम्पसमधल्या लॅबमध्ये. मुलगा गोड. पोह्यांवर जिरावन मसाला इतका घेतो की पोहे दिसत नाहीत. आमच्या सौ. सु.ने तेवढ्यावर पास केला त्याला.

‘उंबरा’ गायचं ठरलंय. दुसरं कोण मागतंय? नदीवर लिहिलं, मिलच्या भोंग्यावर लिहिलं, सराफ्याच्या गर्दीवर लिहिलं. लोकांना एकच पाहिजे. ताईच्या लग्नात पहिल्यांदा गायलो. तेव्हापासून इथल्या मराठी लग्नांत मुलगी निघायची वेळ झाली की कोणीतरी मला शोधत येतं. "गिटारवाले नाना कुठेत? मुलगी उंबऱ्यात उभी आहे!"

हळूच ओलांड गं उंबरा,
मागे वळून पाहू नको...

सु. म्हणाली, "उद्या डोळे उघडे ठेवून गा. लोकांना वाटतं बुवा झोपले."

१८ जानेवारी

काय झालं ते समजत नाही. लिहून काढतो, कदाचित समजेल.

अंगठ्या झाल्या, शेव-जलेबी झाली. ओसरीत त्यांच्या बायका ढोलक घेऊन बसलेल्या, काय सुंदर गात होत्या! मग दीपकच्या वडिलांनी मला हाक मारली, "नानाजी, अब आपका नंबर." मी सुरू केलं. ढोलकवाल्या बाईंनी पहिल्या ओळीलाच ठेका धरला, मला बरं वाटलं. दुसऱ्या ओळीला ठेका थांबला.

डोळे उघडे होते म्हणून दिसलं. ढोलकवर हात तसाच दाबून धरलेला. बायकांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले, एकीनं ओढला मग सगळ्यांनी. एक म्हातारे गृहस्थ, पांढरा साफा, त्यांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला, उभे राहिले आणि हात जोडले. मला नाही. रस्त्याकडे तोंड करून.

आणि दादीजी, दीपकची आजी, घरातलं सगळं जिच्या शब्दावर चालतं, ती खाटेवरून उठून आत गेली. मला बादलीचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आवाज. मी अंतरा गात होतो आणि आत ती माउली आंघोळ करत होती. जानेवारीत. भर दुपारी.

ओल्या केसांनी परत येऊन बसल्या. दीपकचे वडील मोठ्यानं, "वाह नानाजी, क्या गला है!" आणि माझ्या ताटात आणखी एक कचोरी.

येताना गाडीत मंदार: "बाबा, कुठे बेसूर झालात का?"

सु.: "बेसूर झाल्यावर कोणी आंघोळ करत नाही रे. कान झाकतात."

रेवा बोटातली नवी अंगठी फिरवत बसली.

१९ जानेवारी

काल फोनवर रेकॉर्ड झालेलं तीनदा ऐकलं. सूर बरोबर. मग?

२० जानेवारी, मंगळवार

दीपक येऊन गेला. लॅबला दांडी मारून. रेवाला नाही, मलाच भेटायला. खुर्चीच्या काठावर बसला, चहावर साय धरली तरी कप उचलेना.

"नानाजी, बुरा मत मानना. वो जो आपने गाया ना..."

"हां, बोल बेटा."

"वो हमारे यहाँ अर्थी का गीत है."

मी ऐकू न आल्यासारखा त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं पुन्हा सांगितलं. कोणी पिकलं पान गळलं की गावातली माणसं तिरडी उचलतात आणि हे म्हणत नेतात. हीच चाल. अगदी हीच, ती मधली हरकतसुद्धा, जी मी इतकी वर्षं ‘माझी’ म्हणून मिरवतो. त्यानं हळू आवाजात म्हणूनही दाखवलं.

देहरी लाँघ ले बन्नी,
पाछी मुड़ ने मत देखजे...

नुसती चालच नाही. शब्दसुद्धा! बन्नी म्हणजे नवरी. उंबरा ओलांड, मागे वळून बघू नको. म्हणाला, "हमारे यहाँ मरने वाले को दुल्हन मानते हैं ना, ससुराल जा रही है. घर में गा दो तो दादी को लगता है किसी को बुलावा आ गया. इसलिए नहाई."

सु. दारात उभी होती. तिनं चहा परत नेला, गरम करून आणला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बेटा, आता पी. जो गाना था वो तो गा दिया इन्होंने."

तो गेल्यावर मी गिटार कपाटात ठेवली. कपाटाचं दार का लावलं, माहीत नाही.

२१ जानेवारी

किती मुलींना या गाण्यानं बाहेर काढलं मी! मांडवातून, हारांसकट. आणि सगळे रडायचे, मला वाटायचं गाणं पोचलं.

ताईला देवासला फोन केला. सगळं सांगितलं. ती पलीकडून, "अरे, पण मी जिवंत आहे ना? गुडघे सोडले तर चांगली आहे मी. तुझे भावजी गेले ते साखरेनं गेले, तुझ्या गाण्यानं नाही." मग थोडं थांबून, "आता वाईट नको वाटून घेऊस. पण पुन्हा नको गाऊस हं."

तीच म्हणाली तसं. जिच्यासाठी लिहिलं तीच.

२२ जानेवारी

चाल कुठून आली, ते मला माहीत आहे. बाईंकडून.

मल्हारगंजातली आमची मराठी शाळा, सहावीचा वर्ग. बाई प्रत्येक कवितेला चाल लावायच्या. चालीशिवाय कविता म्हणजे त्यांना अळणी वरण. नदीवरची एक कविता होती, तिला त्यांनी ही चाल लावली होती. आम्ही टाटपट्टीवर बसून चाळीस गळ्यांनी म्हणायचो. माझं सगळं गाणं तिथून निघालं. गिटार नंतर, महू नंतर, रेडिओ नंतर. आधी बाई. पुढे ताईच्या लग्नाच्या वेळी ती चाल गुणगुणत होतो तर हे शब्द आपोआप आले. आपोआप. केवढा अभिमान होता मला त्या ‘आपोआप’चा.

आणि मला आठवतं ते काय सुख होतं! आम्ही ती कविता म्हणायला लागलो की कधी कधी बाहेरचा रस्तासुद्धा म्हणायला लागायचा. खरंच. खिडकीतून मोठ्या माणसांचे आवाज यायचे, झांजा यायच्या, आमच्याच चालीत. मला वाटायचं आमची कविता साऱ्या गावाला येते. खिडकी उंच, आम्ही जमिनीवर, दिसायचं फक्त आभाळ. पण ऐकू यायचं. आयुष्यात पुढे कुठल्याही मैफलीत तसं

(इथेच थांबलो होतो. आत्ता लक्षात आलं. अरे देवा.)

२४ जानेवारी, शनिवार

मल्हारगंजला बापूच्या दुकानात गेलो. वर्गातला तेवढा एकच उरलाय तिथे, वडिलांचं तांब्या-पितळेचं दुकान चालवतो, म्हणजे मुलगा चालवतो आणि हा गादीवर बसून गिऱ्हाइकांना टोमणे मारतो.

विचारलं, आपल्या शाळेवरून काय जायचं रे?

"काय म्हणजे? मुक्तिधामचा रस्ता तो. दिवसाला दोन-तीन मयती तरी जायच्या."

"आणि बाई?"

"बाई खिडकी बंद नाही करायच्या. उकडायचं ना. लांबून झांजा ऐकू आल्या की कवितेचं पुस्तक काढा म्हणायच्या. गणिताचा तास असला तरी! जोरात म्हणा म्हणायच्या. पोरं घाबरू नयेत म्हणून. त्यांचीच चाल उचलली होती बाईंनी, आवाजात आवाज मिसळला की कळतच नाही ना बाहेर काय चाललंय." मग माझ्याकडे बघून हसायला लागला. "अबे भिया, तुला काय वाटत होतं? रस्त्यावर लोक आपली कविता म्हणत फिरतात?"

मी म्हटलं, "हो."

त्याचं हसू थांबलं. मुलाला म्हणाला, "नानासाठी कुल्हडवाली चाय बोल, शक्कर ज्यादा."

एक गोष्ट आज समजली. एकदा झेंडूचं फूल खिडकीतून आत आलं होतं, माझ्या पाटीवर पडलं. मी खुशीत बाईंना दिलं. त्यांनी ते बाहेर टाकलं आणि मला हात धुवायला नळावर नेलं, स्वतःही धुतले. मला वाटलं होतं त्यांना माझं फूल आवडलं नाही.

बाई, किती सांभाळलंत. आणि मी ते उचलून मांडवात नेलं.

२६ जानेवारी

शब्दही खिडकीतूनच आले असणार. सहावीतल्या कानात पडले, मालवी समजत नव्हती तरी पडले, आणि वर्षांनी मराठी होऊन बाहेर आले. मग माझं काय होतं त्यात? कॉर्ड तीन. तेही साहेबांचे.

सु.ला म्हणालो. ती मटार सोलत होती. "इतकी वर्षं घसा कोणी फोडला? तो तरी तुमचा की तोही बाईंचा?"

३० जानेवारी

घरात वादळ. रेवाला दीपककडून सगळं समजलं. तिकडून निरोप आला आहे, अगदी नम्रपणे: विदाईच्या वेळी नानाजींनी बाकी काही गावं, ते नको. दादीजींची इच्छा.

रेवा पाय आपटत, "लहानपणापासून मी ठरवलंय, मी निघताना नाना तेच गाणार. बाकी सगळ्यांच्या लग्नात गायलात. माझ्या वेळेस ये क्या बात हुई?"

मंदार: "बेटा, समझा कर. बाबा, तुम्ही ट्यून बदला ना थोडी. शब्द तेच ठेवा. कोणाला कळणार?"

रेवा: "नहीं बदलेंगे. गाणं नाही तर मी गाडीत बसणार नाही. दीपकला पण सांगितलंय."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, दादी बैठने नहीं देगी, तू बैठेगी नहीं, मैं अकेला ही चला जाता हूँ."

सु. हसली, रेवा रडली. मला दोन्ही जमेना. तिला त्या घरात जन्म काढायचाय. पहिल्याच दिवशी आजेसासूचं मन मोडून जाणार, तेही माझ्या गाण्यासाठी? आणि नाही गायलो तर ती मागे न बघता जाईल खरी, पण रागानं.

२ फेब्रुवारी

गिटार काढली. मंदारचं ऐकून चाल बदलून पाहिली. एक चाल कीर्तनासारखी झाली, एक टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीसारखी. शब्द त्या चालींवर चढतच नाहीत, परक्याच्या घरी आल्यासारखे अवघडून बसतात. सोडून दिलं.

दुसरं नवं लिहावं म्हटलं. ‘जा मुली’ एवढं लिहिलं. पुढे काही नाही. खिडकी बंद.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिमरोलला एकटाच जाऊन आलो. बसनं. सु.ला सांगितलं, दादीजींना शब्द देऊन येतो की नाही गाणार, म्हणजे विषय संपेल. सु.नं तिळाचे लाडू बांधून दिले. "रिकाम्या हातानं माफी मागू नका."

दादीजी अंगणात हरभरा निवडत होत्या. मला व्याह्याला पाहून पदर पुढे. "आवो ब्याईजी, बिराजो." मी बाईंची, शाळेची, खिडकीची सगळी गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्या हिंदी-मालवीत. ऐकताना त्यांचा हात सुपात तसाच राहिला. फुलाचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "वा बाई अच्छी थी."

मग मी म्हणणारच होतो, नाही गाणार म्हणून. त्यांनीच विचारलं.

"ब्याईजी, आगे कई हे?"

मला समजेना. पुढे काय, म्हणजे कशाच्या पुढे?

त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, विसरायला नको. त्यांच्यात बायका मुक्तिधामला जात नाहीत. उंबऱ्याच्या आत राहतात. माणसं गाणं म्हणत नेतात, वळणापर्यंत ऐकू येतं, मग नाही. सासू गेली तेव्हा वळणापर्यंत. दीपकचे आजोबा गेले तेव्हाही तेवढंच. "दो कड़ी सुनी हे म्हने, जिनगी भर. ऊ मोड़ के आगे कई गावे हे, कोई बैरा नी जाणे. आदमी होन से पूछो तो के, असी बात नी पूछे. तमारी साला तो रस्ता में थी. तम तो आगे को सुण्यो हो."

वळणापुढचं गाणं कुठल्याच बाईला माहीत नाही, आणि मी ते शाळेत बसून ऐकलेलं. खरंच की! शाळा लोकांच्या घरांपासून लांब, मुक्तिधामच्या जवळ. आमच्या खिडकीखाली गाणं पोचायचं तेव्हा ते वळण कधीच ओलांडलेलं असायचं. बाईंनी नदीच्या कवितेच्या शेवटच्या कडव्याला वेगळी चाल लावली होती, जलद; तीच ही वळणापुढची. ते कडवं मी माझ्या गाण्यात कधी घेतलंच नाही, निरोपाला जलद कशाला म्हणून.

त्याला शब्द नाहीत माझ्याकडे, फक्त चाल. सांगितलं तसं. म्हणाल्या, चालेल. अंगणात कोणी नाही याची खात्री केली, खाट उंबऱ्यापासून दूर ओढायला लावली मला, आणि मी गिटारशिवाय, नुसतं गुणगुणून दाखवलं. सगळं. पाय आपोआप ताल धरतात त्या भागाला. उतारावरून चालल्यासारखा आहे तो.

संपलं. मग त्यांनी पदर थोडा मागे सारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा पुरा दिसला.

"यो तो हलको हे," म्हणाल्या. "घणो हलको. म्हने तो जिनगी भर समझ्यो कि आगे और रोवे हे."

एवढंच. मी लग्नाचं बोललोच नाही. ज्यासाठी गेलो होतो तेच राहिलं. त्यांनीही विषय काढला नाही. निघताना गूळ दिला, शेतातल्या उसाचा, आणि म्हणाल्या, भाभीजींना सांगा लाडू कमी गोड आहेत.

बसमध्ये पायानं तोच ताल धरत आलो.

७ फेब्रुवारी

सु.: "शब्द देऊन आलात ना?"

मी: "गूळ घेऊन आलो."

लाडवांचं सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

हळद झाली. रेवानं माझ्या नाकाला लावली. कानात म्हणाली, "नाना, तुम्ही जे कराल ते. मी बसेन गाडीत." बसेन म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली... त्यापेक्षा पाय आपटलेले परवडले.

१२ फेब्रुवारी

कार्यालयातल्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर पंगत उठली. अक्षता, सप्तपदी, सगळं नीट. रेवा सुंदर दिसते. माझ्या आईसारखी दिसते, हे आज पहिल्यांदा दिसलं आणि मी दचकलो.

गिटार लावून ठेवली आहे. म्हणजे लावली, पण गाणार असं नाही. सु.नं पाहिलं आणि बाहेरचं ऊन येत होतं त्या खिडकीचा पडदा ओढून दिला.

आत्ता दीपक येऊन गेला. फेटा हातात, घामाघूम. मला वाटलं निरोप आला, गाऊ नका. किंवा गा. दोन्हींची तयारी केली होती मी मनात, उत्तरंही.

म्हणाला, "नानाजी, दादी पूछ रही है."

"काय?"

"कि बिदाई के टाइम आप देहरी के अंदर खड़े रहोगे, या बाहर?"

"और?"

"बस इतना ही. बोली जवाब लेके आ."

त्याला अर्थ माहीत नाही, दिसत होतं. आत राहतात ते, ज्यांना वळणापर्यंतच ऐकू येतं. बाहेर असतात ते, जे सोबत चालतात आणि वळणापुढचं हलकं गातात.

म्हटलं, "दोन मिनटं दे बेटा."

तो दाराबाहेर थांबलाय. रेवाच्या चपला कोणीतरी लपवल्यात, त्याचा गोंधळ चाललाय, हसणं ऐकू येतंय. सु. हाक मारते आहे, "अहो, ऐकलंत का, मुलगी निघाली!"